पंचफुलाबाईच्या अकरा कांड्या

आमच्या नर्सरीत मागच्या महिन्यात एक हिरवा बोर्ड लागला. त्यावर दहीपळसाच्या पानाचं चित्र आहे, "दुर्मिळ वृक्ष संवर्धन" असं मोठ्या अक्षरांत लिहिलं आहे आणि खाली नर्सरीच्या साहेबांचं नाव आहे. बोर्डाच्या मागच्या वाफ्यात सध्या सदाफुली आहे. दहीपळसाचं एकही रोप तिथे नाही. पाहुणे आले की बोर्डापाशी उभे राहून फोटो काढतात. त्यांच्या मागून पाइप ओढत जाताना मला दर वेळी राग येतो, आणि राग आला की माझ्या तोंडून शब्द निघत नाही, नुसतं डोळ्यांत पाणी येतं. म्हणून लिहायला बसले. शिक्षण चौथी. चुका होतील, होऊ देत. हे कोणाला दाखवायचं नाही.

पंचफुलाबाई माझ्या वीस वर्षं आधीपासून नर्सरीत होती. रोजीवरच. उंच, हाडकुळी, आणि चालताना एक खांदा पुढे काढून चालायची, जणू दार ढकलत आहे. पातळावर नवऱ्याचा जुना फुलबाह्यांचा शर्ट. शर्टाच्या एका खिशात ब्लेडचं पान आणि सुतळी, दुसऱ्या खिशात तंबाखूचा खर्रा. खर्रा दिवसभर चालायचा, पण फांदीच्या कांड्या लावायचं काम निघालं की आधी कोपरापर्यंत साबणाने हात धुवायची, चूळ भरायची आणि खर्र्याची पुडी दूर चिंचेच्या खोबणीत ठेवून यायची. आम्हा बायकांनाही हात हुंगवून दाखवावे लागत. "तंबाखूच्या हातानं कांडीले शिवसान तं हात तोडीन," म्हणायची. एकदा साहेबांनी बोलता बोलता रेतीत हात घातला, तर त्यांनाही म्हणाली, "साहेब, तुमचाबी हात दाखवा." साहेब हसले. हात मात्र दाखवला नाही, मागे घेतला.

मी नवी होते तेव्हा दोन महिने कोणाशी बोललेच नाही. विचारलं तर मान हलवायची. पंचफुलाबाईने माझं नाव मुकी ठेवलं. "मुके, बादली आन." "मुके, पन्नी धर." राग येत नव्हता, कारण बाकीच्यांना ती याहून वाईट नावं ठेवायची. मला लिहिता येतं हे कळल्यावर वाफ्यातल्या टिनाच्या पट्ट्या लिहायचं काम तिने माझ्याकडे दिलं. तिला स्वतःला अक्षर येत नव्हतं. तरी मी तारीख लिहिली की पट्टी हातात घेऊन वाचल्यासारखं पाहायची आणि विचारायची, "बराबर लिवलं ना वं? खोटं लिवशीन तं झाडाले समजते."

आता दहीपळसाचं सांगते. हे झाड पूर्वी आमच्याकडच्या जंगलात होतं. औषधी आहे म्हणून लोकांनी साल ओरबाडून ओरबाडून संपवलं. बी पेरलं तर उगवत नाही, आम्ही दोन वर्षं पेरून पाहिलं. राहिली कांडी. बोटाएवढ्या जाडीची फांदी कापायची, वीतभर तुकडे करायचे, बुड मुळं फुटायच्या पावडरीत बुडवून धुतलेल्या रेतीत खोचायचं आणि वरून प्लास्टिकच्या पन्नीचा बोगदा करायचा. नशीब असेल तर बुडाला आधी पांढरी गाठ फुटते, ज्वारीच्या लाहीसारखी. आम्ही तिला लाहीच म्हणत होतो. त्या लाहीतून मुळी निघते. कण्हेरीला, जास्वंदीला हे काही दिवसांचं काम आहे. दहीपळसाला पंचफुलाबाईच्या हातून पहिली दोन वर्षं मुळी आली नाही.

सगळ्यात वाईट म्हणजे हे झाड फसवतं. खोचल्यावर वीस-पंचवीस दिवसांत कांडीला छान पोपटी पानं फुटतात. माझ्या पहिल्या वर्षी मी ती पानं पाहिली आणि इतका आनंद झाला की मी आपणहून बोलले. पळत जाऊन सांगितलं, "बाई, पानं आली!"

ती रेती धूत होती. मान वर न करता म्हणाली, "पानं कोणाले नाई येत? टोपलीतल्या कांद्यालेबी येते."

"पण हिरवीगार आहेत."

"अवं, घरातलं धान्य खाऊन राहिली थे कांडी. कणगी सरली का मरन. खाली मूळ नाई तं वरचं सारं उसनं."

पंधरा दिवसांत पानं काळी पडून गळाली. तिने कांड्या उपटल्या, एकेकीचं बुड नाकाजवळ नेलं आणि बाजूला टाकली. सडक्या बुडाला आंबलेल्या भातासारखा वास येतो. वास घेतला की खर्रा आणायला चिंचेकडे निघून जायची. त्या दिवशी तिच्याशी बोलायचं नसतं हे आम्हाला ठाऊक झालं होतं.

दुसऱ्या वर्षी पावडर जुनी निघाली. डब्यावरची तारीख मीच वाचून दाखवली होती. ती डबा घेऊन साहेबांकडे गेली. साहेब म्हणाले, मागणी पाठवली आहे. मागणी वर्षभर पाठवलेलीच होती. तोवर तिने जुन्याच पावडरीवर काम केलं, दर वेळी शिव्या देत. रेती मात्र कन्हान नदीचीच पाहिजे, आणि पाणी निवळशंख दिसेपर्यंत धुवायची. आमचे हात पांढरे पडत. कोणी कुरकुर केली तर म्हणायची, "लेकराले आंघोळ घालाले कंटाळा येते का गा तुमाले?" बायकांनाही ती रागात, पुरुषांना म्हणतात तसं, "गा" म्हणायची.

त्याच वर्षीची मे महिन्यातली एक दुपार मला नेहमी आठवते. नागपूरचा मे. पत्र्याला हात लावला तर फोड येतो. त्यात लाइट गेली. लाइट गेली की कांड्यांवर तुषार उडवणारी मोटर बंद, आणि पन्नीच्या आत अर्ध्या तासात भाजी शिजते. आम्ही हाताने पाणी मारत होतो, पण पाणीच इतकं गरम की उपयोग नाही. साहेब मीटिंगला गेले होते. पंचफुलाबाई उठली, साहेबांच्या खोलीकडे गेली, आणि थोड्या वेळाने कूलरच्या तिन्ही बाजूंच्या जाळ्या डोक्यावर घेऊन आली. वाळ्याच्या, ओल्या, थंडगार. पन्नीच्या तिन्ही बाजूंनी उभ्या केल्या आणि त्यांवर पाणी ओतत बसली.

वॉचमन धावत आला. "बाई, साहेब मारन मले!"

"लाइट नाई तं कूलर काय कामाचा? ठोकळाच हाये ना नुसता?"

"अन् लाइट आली तं?"

"तं साहेब एक दिवस आमच्यासारखे राह्यतीन. मरत नाई कोणी. आमी कुठं मेलो?"

चार वाजता साहेब आले तेव्हा लाइटही आली होती आणि कूलर उघडाबोडका फडफडत खोलीभर गरम वारा फेकत होता. साहेब लालबुंद. माफी मागा म्हणाले. पंचफुलाबाईने हात जोडले, "चुकलं साहेब. पुढच्या वक्ती इचारून नेईन." नंतर पाण्याच्या टाकीपाशी मला म्हणाली, "इचारलं असतं तं देल्ल्या असत्या का? म्हणून नंतर इचारते मी." आम्ही दोघी तोंडाला पदर लावून हसलो. त्या वर्षीच्या कांड्याही गेल्या. वाळ्याने काही झालं नाही.

कांड्या आणायचो त्या एकाच झाडाच्या. उमरेडकडे जाताना मुख्य रस्त्यापासून आत एक फाटा जातो, त्याच्या तोंडाशीच ते होतं. आमच्या माहितीत तेवढंच एक उरलेलं. बुंध्याची साल माणसाच्या उंचीपर्यंत खरवडलेली, वर मात्र डेरेदार. या झाडाच्या पानावर काडीने ओरखडलं की थोड्या वेळात तिथे काळं अक्षर उमटतं. पहिल्यांदा गेलो तेव्हा पंचफुलाबाईने पान तोडून माझ्यासमोर धरलं.

"लिव."

"काय लिहू?"

"तुले मनात येईन थे. तोंडानं तं काई बोलत नाई, पानावर तरी बोल."

मी तिचंच नाव लिहिलं. तिला वाचता आलं नाही. तिने विचारलं, मी सांगितलं. तिने अक्षरांवरून बोट फिरवलं, मग म्हणाली, "एवढं लंबं नाव हाये का माहं? पुरं पान भरलं." आणि पान शर्टाच्या खिशात ठेवलं.

तिसऱ्या वर्षी माघात आम्ही गेलो तेव्हा त्या झाडावर पांढऱ्या रंगात आकडा टाकलेला होता. रस्ता रुंद होणार होता. फाट्यावर टपरी चालवणारा माणूस म्हणाला, होळीनंतर कापणार. पंचफुलाबाईने वरती पाठवायला साहेबांकडून पत्र लिहून घेतलं. मीच साहेबांच्या टेबलावर ते पत्र पाहिलं, पेपरवेटखाली. पंधरा दिवसांनीही तिथेच होतं. मी तिला सांगितलं नाही. तिला राग येईल, ती साहेबांशी भांडेल, मग माझं नाव येईल, असा विचार केला. माझे सगळे विचार असेच असतात.

शेवटी तिने झाडाची आशा सोडली आणि कांड्यांच्या मागे लागली. रस्त्याच्या ठेकेदाराची माणसं येण्याच्या आदल्या दिवशी तिने टपरीवाल्याच्या पोराला वर चढवून जितक्या मिळतील तितक्या चांगल्या फांद्या उतरवल्या. दोन ओली पोती भरून आम्ही बसने आणल्या. कंडक्टर म्हणाला, "बाई, बकऱ्या पाळल्या का?" एरवी तिने त्याला सोडला नसता. त्या दिवशी सगळी वाट तिचा हात पोत्यावर होता.

या वेळी नवी पावडर आली होती. वाफा पुन्हा नव्याने धुतला. तिने एकही कांडी दुसऱ्या कोणाला खोचू दिली नाही. झाड होळीनंतर चौथ्या दिवशी कापलं गेलं. म्हणजे वाफ्यात होतं तेवढंच दहीपळस आता आमच्याजवळ होतं.

पानं आली. गळाली. कांड्या काळ्या पडत गेल्या, ती उपटत गेली. वैशाखात अकरा उरल्या. पण त्या अकरा टिकल्या. पानं गळून पुन्हा नवी येत होती. पंचफुलाबाई सकाळी आली की वॉचमनला जयभीम करून थेट वाफ्याकडे जायची, पन्नीला नाक लावून उभी राहायची, उघडायची मात्र नाही. एक दिवस तिने मला बोलावलं, पन्नीची कड दोन बोटं वर केली, एका कांडीला चिमटीत धरून अगदी हलकं, माशी उडवावी तितकं हलकं, वर ओढलं. कांडी आली नाही. रेतीने धरून ठेवली.

"पकडलं," ती म्हणाली. "मुके, पकडलं वं त्यानं."

"मुळी आली?"

"कापसाच्या धाग्यावानी असन आता. हात लागला का तुटन. आषाढापर्यंत कोणी शिवाचं नाई. मंत्री आला तरी नाई."

त्याच आठवड्यात तिच्या नवऱ्याला धंतोलीच्या दवाखान्यात न्यावं लागलं. पोटात दुखणं होतं, तपासण्या होत्या. जाताना मला वाफ्यापाशी उभं करून म्हणाली, "एक रोज. फक्त एक रोज पाह्य. पन्नी उघडू देऊ नको."

मी मान हलवली.

त्याच दिवशी दुपारी साहेब तीन पाहुणे घेऊन आले. साहेबांना वाईट माणूस म्हणता येणार नाही. तीन वर्षं त्यांनाही वरून बोलणी बसत होती. एका पाहुण्याने विचारलं, "मुळं आली हे तुम्ही कशावरून म्हणता? पानं तर नुसतीही येतात." साहेब म्हणाले, "दाखवतो ना." आणि माझ्याकडे वळून, "उचल गं ती पन्नी."

मी पन्नी धरून उभी होते. तोंडात वाक्य तयार होतं. "साहेब, बाईंनी नाही म्हटलं आहे." पाच शब्द. ते मी आजपर्यंत हजार वेळा म्हटलं असेल, भाकऱ्या थापताना, पाइप ओढताना. त्या वेळी म्हटलं नाही. मी पन्नी उचलली.

साहेबांनी पहिली कांडी उपटली. बुडाला लाही होती आणि लाहीतून पांढरे, बोटभर लांब तीन धागे लोंबत होते. इतके सुंदर होते ते. साहेब लहान मुलासारखे ओरडले, "अरे, आली! खरंच आली!" पाहुण्यांनी टाळ्या वाजवल्या. साहेबांना स्वतःलाच खरं वाटेना, म्हणून दुसरी उपटली. मग एका पाहुण्याने आपल्या हाताने तिसरी. फोटो निघाले. सहा कांड्या वर आल्या. मग साहेबांनी त्या पुन्हा भोकांत बसवल्या, रेती थापटली, जसं लेकराला थोपटतात, आणि मला म्हणाले, "पाणी दे. काही होत नाही." रेतीवर तुटलेले धागे पडले होते. मी ते वेचले. कशाला वेचले ठाऊक नाही.

दुसऱ्या दिवशी पंचफुलाबाई आली. वाफ्यापासून दहा पावलांवर थांबली. आतून पन्नीवर जे दव धरतं ते नेहमीसारखं नव्हतं म्हणे. "कोनं उघडलं?" वॉचमनने सांगितलं. तिने एकदा माझ्याकडे पाहिलं आणि पन्नीची कड खोचायला बसली. शिवी दिली असती तर बरं झालं असतं.

सहाच्या सहा चार दिवसांत माना टाकून बसल्या. उरलेल्या पाच साहेबांनी पर्यावरणाच्या कार्यक्रमासाठी मागितल्या. पाहुण्यांच्या हस्ते जमिनीत लावायच्या होत्या. पंचफुलाबाई त्यांच्या खोलीत गेली. दार उघडं होतं, आम्हाला सगळं ऐकू येत होतं.

"साहेब, आषाढ लागू द्या. पाया पडते."

"बाई, मुळं मी डोळ्यांनी पाहिली. आता काय अडचण आहे?"

"मुळी आली म्हंजे पाय आले का? आज जनमलं, आज चालवता का त्याले?"

"प्रत्येक वेळी तुमचं नाहीच असतं. तीन वर्षं मी ऐकलं."

"मले काढा कामावरून, पन थे पाच राहू द्या."

साहेबांनी तिला काढलं नाही. पाच कांड्या मात्र लावल्या, उन्हात, मांडवाच्या बाजूला, प्रत्येकीभोवती रांगोळी काढून. आठवड्यात सुकल्या. त्यानंतर सोमवारी ती कामावर आली नाही. काढलं नव्हतं, ती आपणच आली नाही.

मी तिला शेवटचं पाहिलं ते त्याच फाट्यावर. माझ्या बहिणीकडे उमरेडला गेले होते, परत येताना बसच्या खिडकीतून दिसली. रस्त्याच्या कडेला जेसीबी नालीचा चर खोदत होता आणि पंचफुलाबाई त्या चरात उतरली होती, शर्टाच्या बाह्या वर करून. मी कंडक्टरला ओरडून बस थांबवायला सांगितलं नाही. पुढच्या थांब्यावर उतरले आणि उन्हात चालत मागे आले.

जेसीबीवाला वरून म्हणत होता, "माँजी, निकलो ना, मेरा टाइम जा रहा है."

"तुहा टाइम जाते, माहं झाड गेलं. चूप बस पाच मिनिट."

मला पाहून तिला नवल वाटलं नाही. "उभी काहून राह्यली? उतर. ओढ."

मी उतरले. चराच्या भिंतीतून करंगळीएवढ्या, अंगठ्याएवढ्या काळपट मुळ्या बाहेर आल्या होत्या. झाड कापून तीन महिने झाले होते, पण ब्लेडने खरवडलं की आत ओलं, पिवळसर दिसत होतं. "जित्ती हाये," ती म्हणाली. "फांदीच्या मागं लागली मी तीन वर्स. अकलेची काणी. मुळीलेच कोंब येते का पाह्यते आता." आम्ही दोघींनी ओढून, तोडून, वीस-पंचवीस तुकडे काढले. वरचं तोंड सरळ कापायची आणि खालचं तिरपं, म्हणजे लावताना उलटसुलट होऊ नये.

काम करता करता ती खाली पाहूनच म्हणाली, "त्या दिवशी बोलली काहून नाईस?"

मी मुळीची माती झटकत म्हणाले, "साहेबांनी ऐकलं नसतं."

"नसतंच ऐकलं. मले का समजत नाई?" तिने एक तुकडा तिरपा कापला. "पन माहं मानूस बोललं, एवढं तरी मले म्हणता आलं असतं."

मी पुढची मुळी ओढायला घेतली.

नवरा बरा नव्हता, म्हणून दोघं तिच्या भावाकडे भिवापूरला राहायला चालले होते. भावाच्या मिरचीच्या वावराच्या धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, लावीन म्हणाली. "तिथं साहेब नाई कोणी. भाऊ हाये, पन त्याले मी हात लावू देत नाई." जेसीबीवाल्याने तोवर स्वतःच इंजिन बंद करून बिडी पेटवली होती. तिने तुकडे ओल्या फडक्यात बांधले, फडकं पोत्यात घातलं, पोतं माझ्या हातून काढून घेतलं आणि रस्त्यावर येऊन काळीपिवळी जीपला हात दाखवला. गाडी गच्च भरली होती. ड्रायव्हर म्हणाला, पोतं टपावर टाका.

"टपावर तू बस," ती म्हणाली, आणि खांदा पुढे काढून आत शिरली. दोन माणसांना सरकवून पोतं मांडीवर घेतलं. पोत्याचं पाणी तिच्या पातळावरून खाली गळत होतं, बाजूचा माणूस ओरडत होता, आणि ती त्याला काहीतरी जोरात सुनावत होती. काय ते मला इंजिनच्या आवाजात ऐकू आलं नाही. गाडी निघून गेली.